मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : परवान्याचा इतिहास आणि देखभालीचा प्रश्न (१९६९ ते २०२४)

प्रस्तावना

ग्रंथालयाच्या संगणकीकरणासाठी 'कोहा', अध्यापनासाठी 'मूडल' आणि या दोहोंना आधार देणारी 'लिनक्स' ही कार्यप्रणाली महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या परिचयाची झाली आहे. या सॉफ्टवेअरसाठी परवानाशुल्क द्यावे लागत नाही, एवढ्याच कारणावरून त्यांची निवड बहुधा केली जाते. तथापि 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन भिन्न संकल्पना आहेत. त्यांतील भेद समजून घेण्यासाठी मुक्तस्रोत चळवळीचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. सॉफ्टवेअरच्या मालकीचा प्रश्न या चळवळीने परवान्याच्या मार्गाने सोडविला. परंतु त्याची देखभाल कोणी करावयाची, हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

युनिक्स : सहकार्याकडून निर्बंधाकडे

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या कार्यप्रणालीच्या निर्मितीस प्रारंभ केला. ही प्रयोगशाळा ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार दूरसंचाराव्यतिरिक्त अन्य व्यवसाय करण्यास बंदी होती. त्यामुळे युनिक्स ही बाजारातील वस्तू न होता नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह, विद्यापीठांना उपलब्ध झाली. प्राध्यापक व विद्यार्थी तिचा कोड वाचत आणि त्यात सुधारणा करीत. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने या कामी मोलाची भर घातली.

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन अमलात आले आणि जुनी बंदीही उठली. त्यानंतर युनिक्सचा व्यापारी परवाना महागला व सोर्स कोडवरील निर्बंध कडक झाले. विद्यापीठांनी अनुभवलेले खुलेपण हक्काने मिळालेले नव्हते, तर एका कायदेशीर परिस्थितीचा तो आनुषंगिक परिणाम होता. परिस्थिती बदलताच ते आक्रसले, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे.

जीएनयू आणि परवान्याची युक्ती

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, परंतु पूर्णतः मुक्त अशी कार्यप्रणाली उभारणे हा त्याचा उद्देश होता. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना प्रसिद्ध झाला.

स्वामित्वहक्काचा कायदा, म्हणजेच कॉपीराइट, सामान्यतः प्रती काढण्यास प्रतिबंध करतो. स्टॉलमन यांनी त्याच कायद्याचा उपयोग उलट दिशेने केला. सॉफ्टवेअर वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार जीपीएलने सर्वांना दिला. मात्र बदललेली आवृत्ती वितरित करणाऱ्यावर, तिचा सोर्स कोड त्याच अटींवर देण्याचे बंधन घातले. कृपेने मिळणारे खुलेपण अशा रीतीने हक्क बनले. याच परवान्यात सॉफ्टवेअरबाबत कोणतीही हमी देण्यात येत नाही, असेही स्पष्ट कलम आहे. स्वेच्छेने काम करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी ते आवश्यकच होते. परंतु पुढे उद्भवलेल्या प्रश्नाचे बीजही त्यातच होते.

लिनक्सचा उदय

१९९० च्या सुमारास जीएनयूची बहुतेक साधने तयार होती; उणीव होती ती कर्नलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची. हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. आरंभी तिच्या वितरणासाठी पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये लिनक्स जीपीएलखाली आले. या निर्णयामुळे स्वयंसेवकांबरोबर व्यापारी संस्थांनाही त्यात सहभागी होता आले. १९९३ मध्ये स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे सुरू झाली आणि मार्च १९९४ मध्ये कर्नलची १.० ही आवृत्ती आली.

१९९८ मध्ये 'ओपन सोर्स' ही संज्ञा रूढ झाली. कोड पाहणारे डोळे पुरेसे असतील तर दोष लपून राहत नाहीत, हा एरिक रेमंड यांनी मांडलेला विचार या काळात चळवळीचे ब्रीद बनला. नोव्हेंबर २०१७ पर्यंत जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालू लागले होते.

दोन कसोट्या : हार्टब्लीड आणि एक्सझेड

या विचाराची पहिली मोठी कसोटी २०१४ मध्ये लागली. इंटरनेटवरील संदेश सांकेतिक करणाऱ्या 'ओपनएसएसएल' मधील एक दोष ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' या नावाने उघड झाला. समोरच्या संगणकाने सांगितलेली संदेशाची लांबी खरी आहे की नाही, हे तपासलेच जात नव्हते. परिणामी सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर, प्रसंगी पासवर्ड व गुप्त किल्ल्यांसह, बाहेर जाऊ शकत असे. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून हा कोड सर्वांसमोर होता. पाहण्याची मुभा सर्वांना होती, पाहण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. लक्षावधी संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारी व्यक्ती जेमतेम एक होती. या घटनेनंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांच्या साहाय्याने अशा प्रकल्पांसाठी निधी उभारला.

दुसरी कसोटी अधिक गंभीर होती. 'एक्सझेड' हे फाइलींचा आकार कमी करणारे साधन बराच काळ प्रामुख्याने एकच स्वयंसेवक सांभाळत होता. 'जिया तान' हे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून कामात मदत करीत विश्वास संपादन केला. २०२२ मध्ये अन्य काही नावांनी, काम संथ चालते अशा तक्रारी करून मूळ स्वयंसेवकावर दडपण आणले गेले. कालांतराने देखभालीचे अधिकार जिया तानकडे आले आणि फेब्रुवारी २०२४ मधील ५.६.० या आवृत्तीत छुपा दरवाजा बसविला गेला. दूरस्थ संगणकात प्रवेश देणारी 'एसएसएच' सेवा हे त्याचे लक्ष्य होते. घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये दडविलेला होता आणि तो कार्यान्वित करणारी सूचना सार्वजनिक कोडसंग्रहात नसून केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात होती.

अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने चिकाटीने कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. डेबियन व फेडोराच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत हा कोड पोहोचला होता. डेबियनची स्थिर आवृत्ती मात्र बचावली. कोड खुला असल्यामुळेच फ्रॉइंड मुळापर्यंत जाऊ शकला, हे खरे. परंतु एका व्यक्तीच्या दक्षतेवर जगाची सुरक्षा अवलंबून असणे ही व्यवस्था नव्हे.

निष्कर्ष

१) १९८४ च्या अनुभवातून खुलेपणाला परवान्याचा आधार देण्याची गरज स्पष्ट झाली आणि जीपीएलने ती पूर्ण केली.

२) परवाना अधिकार देतो, मनुष्यबळ देत नाही. कोड खुला असणे आणि तो तपासला जाणे या भिन्न गोष्टी आहेत.

३) दोन्ही घटनांत मूळ दुर्बलता तंत्राइतकीच श्रमविभागणीची होती. असंख्य उपभोक्ते आणि मूठभर राबणारे, असे तिचे स्वरूप होते.

४) शुल्क नाही म्हणून खर्च नाही, हा समज शैक्षणिक संस्थांनी सोडला पाहिजे. स्थापित सॉफ्टवेअरची व आवृत्त्यांची नोंदवही ठेवणे, वितरणाच्या स्थिर आवृत्तीतील स्वाक्षरीयुक्त पॅकेजच घेणे, सुरक्षा-सुधारणा वेळेवर लावणे, एसएसएचचा प्रवेश मर्यादित ठेवणे आणि लॉग नियमित पाहणे ही कामे एका निश्चित व्यक्तीकडे सोपवून त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी.

५) दोष कळविणे, माहितीपुस्तिका सुधारणे, मराठी भाषांतर करणे ही कामे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येतील. युनिक्सच्या काळात विद्यापीठे केवळ ग्राहक नव्हती, सहनिर्माती होती. त्या भूमिकेकडे परतणे हेच मुक्तस्रोताच्या देखभालीच्या प्रश्नाला शिक्षणक्षेत्राकडून मिळू शकणारे समर्पक उत्तर होय.