पाल, झोळी आणि आमचा नवा तंबू

इअरफोन नीट लावा, आजचा भाग जरा इकडून तिकडं फिरणार आहे.

सुट्ट्या जवळ आल्या की मला एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. 'दादा, तू जुन्नरचा ना? लहान पोरांना घेऊन कॅम्पिंगला जायचंय, चांगली जागा सांग.' सांगतो. पण पॉडकास्ट इतिहासाचा आहे, म्हणून आधी एक गोष्ट ऐकून घ्या. या रस्त्यावर लहान पोरांना घेऊन उघड्यावर रात्र काढणारे तुम्ही पहिले नाही. मीही नव्हतो, आणि हे मला माझ्याच आजीनं ऐकवलं.

मी आणे गावचा. कल्याण-नगर हायवेनं आळेफाटा सोडला, बेल्हे मागं टाकलं, की आणे घाट लागतो. घाटाच्या पायथ्याला गुळुंचवाडीजवळ दगडाचा नैसर्गिक पूल आहे, ओढ्यानं कोरलेला. मुलं सोबत असतील तर तिथं थांबाच. घाट चढलात की आमचं पठार. खाली कुकडीचे कालवे, ऊस, द्राक्षं, टोमॅटो. वर बाजरी आणि पाण्याची वाट. कालव्याचं पाणी चढ चढत नाही, एवढं साधं कारण आहे, आणि त्यावर आमच्या कित्येक निवडणुका झाल्या. थंडीत रंगदास स्वामींची यात्रा असते, आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. त्यावर वेगळा भाग करू, आत्ता विषय भरकटेल.

तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको आणि आमची पाच वर्षांची पोरगी, असे गावी गेलो. जाताना ऑनलाइन मागवलेला तंबू घेतला. ठरलं असं की गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भरावाजवळ एक रात्र काढायची. आजी चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "घर आसताना भाईर निजायचं? आन त्याला पैसं मोजलं?" मी हसलो. मग तिनं विचारलं, कुठल्या तळ्यावर? मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली.

"त्या भरावावर तुझा बाप झोळीत हुता," म्हणाली.

१९७२ चा दुष्काळ. शाळेत आपण दोन ओळी शिकतो आणि पुढं जातो. महाराष्ट्रात पाऊस नीट पडला नाही असं ते सलग तिसरं वर्ष. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, बांध, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. ५० लाख! त्यात बायका भरपूर, आणि बाई कामावर आली म्हणजे तिचं तान्हं पोर कामावर आलं. आजीनं सांगितलं ते असं: बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, पोर त्यात टाकायचं, मुरमाची पाटी डोक्यावर घ्यायची, आणि भरावावरून परत येताना प्रत्येक खेपेला झोळीला एक झोका द्यायचा. काम गावापासून लांब असलं तर तिथंच मुक्काम. खायला सुकडी. बापाचं वय दीड वर्ष.

या झोळीचा कायद्याशी संबंध आहे. दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढं २००५ मध्ये देशभराचा कायदा आला. त्यात लिहिलं होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला त्याची मजुरी द्यायची. मी हे कलम वाचलं तेव्हा मला ती बाभळ दिसली. कुठल्या साइटवर ते खरंच पाळलं गेलं, ते तुम्ही आपापल्या गावात जाऊन बघा.

आता थोडं पश्चिमेला जाऊ. आण्याहून जुन्नर, आणि जुन्नरवरून पुढं नाणेघाट. आमच्याकडून गाडीनं दोन-अडीच तास. तुमच्यातले निम्मे लोक तिथं पावसाळ्यात रील काढून आलेले असणार. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटानं जुन्नरला आणि तिथून पैठणकडं जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं सगळे सांगतात. पण रांजणासोबत सेल्फी काढून परत फिरू नका. जवळच्या गुहेत जा.

त्या गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, नागनिका राणीचा. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. कर्नल साइक्सनं १८२८ मध्ये तो पाहिला, पुढं भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडितांनी वाचला. राणीनं आणि राजानं केलेले यज्ञ, दान दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळा हिशेब आकड्यांसकट. आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये ते मोजले जातात. मला मात्र तिथं वेगळीच गोष्ट आवडते. समोरच्या भिंतीवर एका रांगेत मूर्ती होत्या. आज त्या नाहीत, पायांच्या वगैरे खुणा उरल्यात. वर कोरलेली नावं शिल्लक आहेत. घराण्याचा मूळ पुरुष सिमुक सातवाहन. देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, म्हणजे नवरा-बायको. महारठी त्रणकयिर, ज्याला बरेच अभ्यासक राणीचा बाप मानतात. आणि कुमार भायल, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन.

म्हणजे बघा, फॅमिली फोटो आहे तो! आजोबा, आई-बाप, पोरं. तोही राजवाड्यात न लावता घाटात लावलेला, जिथं दमलेला व्यापारी, बैल हाकणारा, हमाल येऊन टेकायचा. कुमारांची वयं लिहिलेली नाहीत, तेव्हा ते लहान होते असं मी ठोकून देणार नाही. पण दोन हजार वर्षं झाली तरी तीन पोरांची नावं भिंतीवर आहेत. त्याच गुहेपाशी ज्या बायकांनी पोरं कडेवरून उतरवून पाणी पाजलं असेल, त्यांच्या पोरांची नावं कोण लिहिणार?

मग 'सुट्टी' कधी आली? खूप उशिरा. आपल्याकडं माणसं निघायची ती यात्रेला, बाजाराला, लग्नाला, बाळंतपणाला, नाहीतर पोटासाठी. नुसतं फिरायला जाण्याचं खूळ साहेबाचं. ह्यू मॅलेटनं १८५० मध्ये माथेरान शोधलं, १९०७ मध्ये तिथं छोटी रेल्वे गेली, आणि मुंबई-पुण्याच्या मराठी घरांत एक गोड शब्द रुजला: हवापालट. फिरायला चाललो म्हटलं तर उधळेपणा वाटायचा. हवापालटाला चाललो म्हटलं की डॉक्टरांनी सांगितलंय असा भाव. बाकीच्यांना मे महिन्यात मामाचं गाव होतंच, आणि ते फुकट होतं.

आता त्या रात्रीकडं परत येतो.

तंबू लावायला मला पाऊण तास लागला. (व्हिडिओत चार मिनिटं दाखवतात.) अंधार पडता पडता तलावाच्या पलीकडच्या रानात घंटांचा आवाज आला. धनगरांचा वाडा उतरत होता. इथं वाडा म्हणजे घर नव्हे बरं का. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, असा सगळा तळ म्हणजे वाडा. पारनेर भागातले आणि आमच्या पठारावरचे मेंढपाळ दिवाळीनंतर निघतात. वर चारा संपलेला असतो. मग खाली कालव्याच्या पट्ट्यात, काही जण घाट उतरून कोकणात. पावसाच्या तोंडाला परत पठारावर, कारण जोराचा पाऊस आणि चिखल मेंढराला सोसत नाही. म्हणून ज्या कोरड्या पठाराला आम्ही शिव्या देतो, तेच मेंढरांसाठी पावसाळ्यातलं घर.

पुरुष मेंढरं चारत येतात. बायका घोड्यांवर संसार लादून पुढं येतात आणि मुक्काम उभा करतात. भांडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरं, आणि ओझ्याच्या अगदी वर बसवलेलं लहान पोर. मेंढरांभोवती वाघर लावतात, म्हणजे दोरीची जाळी. शेतकरी मेंढ्या रानात बसवून घेतो, रात्रभराच्या लेंडीखताबद्दल धान्य किंवा पैसे देतो. गुंथर सोंथायमर नावाच्या जर्मन अभ्यासकानं अशा वाड्यांवर जाऊन धनगरांच्या ओव्या टिपल्या. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचं त्याचं पुस्तक १९७६ मध्ये जर्मनमध्ये आलं. हा इतिहास भिंतीवर कोरलेला नाही, मुक्कामावर ऐकवलेला आहे.

आमची पोरगी अर्थातच पाच मिनिटांत तिकडं पळाली. तिच्याएवढाच एक पोरगा कोकरू घेऊन उभा होता. त्याचं नाव त्यानं सांगितलं, पण त्याच्या आईला न विचारता ते मी इथं सांगणार नाही. मी त्या ताईंना विचारलं, शाळेचं कसं? "थोरला आज्जीपाशी ठेवलाय गावी, शाळंसाठी," म्हणाल्या. "ह्यो लहान हाय, ह्यो संगं." पुढच्या वर्षी? "बगू." आमच्या पोरीला शाळेची सुट्टी लागली म्हणून आम्ही बाहेर झोपत होतो. ते बाहेर झोपतात म्हणून त्याची शाळा सुटणार होती.

मग त्यांनी आमच्या तंबूकडं बोट केलं. "केवढ्याचा, दादा?" मी किंमत सांगितली, थोडी कमी करून. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. त्या म्हणाल्या, "आमच्या भावकीत एकाला सरकारनं दिलाय असला."

हे मी नंतर शोधलं. कालवे आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहायला लागला. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तुम्ही ऐकलं असेल. जुन्नर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत जे जीव गेले, त्यांत उघड्यावर झोपलेली मेंढपाळांची लहान मुलंही आहेत. म्हणून वनखात्यानं मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे वाटले. आपण हौसेनं कार्टमध्ये टाकतो ती वस्तू इथं पोर वाचावं म्हणून वाटली जाते. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. तो जाहीर करताना या मुक्कामांचा विचार कोणी केला होता का, माहीत नाही.

त्या ताईंनी आमचा तंबू फिरून पाहिला आणि तीन गोष्टी सांगितल्या. जागेच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच आहे, तेव्हा नीट ऐका. उसाच्या कडेला अजिबात उतरायचं नाही, मोकळं माळरान बघायचं. पोर कडेला निजवायचं नाही, दोन मोठ्या माणसांच्या मधे. आणि अंधार पडला की पोराला एकट्याला लघवीलासुद्धा सोडायचं नाही, दिवा रात्रभर चालू ठेवायचा. माझी एक भर: जागा कोणाची आहे ते गावात विचारा, आणि वाडा उतरला असेल तर ड्रोन उडवू नका, मेंढरं बुजतात.

सकाळी उठलो तर वाडा निघून गेला होता. चूल विझवलेली, रानभर लेंड्या. पोरीला भरावावर नेलं. आजी काठी टेकत टेकत आली होती, बाभळ दाखवायला. बाभळ कधीच तोडली गेलीय. आजीनं तरी जागा बरोबर दाखवली, पाण्याच्या सांडीपासून वीस-पंचवीस पावलांवर. पोरगी तिथं आडवी झाली आणि म्हणाली, "पणजी, झोका दे."

चला, पुढच्या भागात आमटी-भाकरी. तोवर तुमच्या आजीला विचारा, बहात्तर साली ती कुठं होती. व्हॉइस नोट पाठवा, पण तिला विचारून.