तिजोरी, घरगुती (नाशिक)

दागिने, दस्तऐवज आणि परवान्याचे शस्त्र घरात ठेवण्याची जाड पत्र्याची कुलूपबंद पेटी. जुन्या नाशकातील वाड्यांत हे काम तळघर आणि भिंतीतले फडताळ करत असे. पुढे लोखंडी कपाटातला चोरकप्पा आला. गोदरेजने मुंबईत 1902 मध्ये तिजोऱ्या बनवायला सुरुवात केली. एप्रिल 1944 मधील मुंबई गोदीच्या स्फोटानंतर लागलेल्या आगीतही त्यांतला ऐवज शाबूत राहिल्याची नोंद आहे.

शस्त्राची जबाबदारी दागिन्यांहून मोठी. नाशिक शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे अर्जदाराला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे अवाढव्य कपाट घेण्याचे कारण उरत नाही. पिस्तूल लहान तिजोरीत मावते. मधोमध मोडणाऱ्या बारा बोअरची नळी दस्त्यापासून सुटी होते, म्हणून साधारण पाऊण ते एक मीटर उंचीची पेटी पुरते. घेण्यापूर्वी नळी मात्र टेपने मोजावी. बंदूक रिकामी करूनच ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात असल्या, तर वेगळ्या कुलपाचा उपयोग नाही.

कमी खर्चात निवड करताना आधी पत्र्याची जाडी, मग बिजागरी आणि दाराचे बोल्ट पाहावेत. डिजिटल आकडे शेवटी. काही स्वस्त इलेक्ट्रॉनिक कुलपे जोराचा धक्का बसला तरी क्षणभर सुटतात, त्यापेक्षा चांगले किल्लीचे कुलूप बरे. डिजिटल कुलूप घेतलेच, तर कारखान्याचा आकडा पहिल्याच दिवशी बदलावा आणि आपत्कालीन किल्ली तिजोरीत कोंडू नये. हलकी तिजोरी चोर उचलूनच नेतो. म्हणून ती अँकर बोल्टने काँक्रीटच्या भिंतीत किंवा स्लॅबमध्ये पक्की करावी लागते. पोकळ विटांच्या भिंतीत बोल्ट नीट धरत नाही.

अग्निरोधक तिजोरी कागदपत्रांना वाचवते, पण तिच्या अस्तरातल्या दमटपणाने बंदुकीला गंज चढू शकतो. सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात आणि नळीला तेलाचा हात फिरवावा.

नाशकात जागेचा प्रश्न गोदावरी ठरवते. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. ऑगस्ट 2016 च्या पुरात सराफ बाजारातही पाणी शिरले होते. नदीकाठच्या घरांत तळघर चोरापासून आडोशाचे वाटले, तरी पावसाळ्यात तेच सर्वांत धोक्याचे. तिथे तिजोरी वरच्या मजल्यावरच बसवावी.

क्वचित लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतात. तिथेही 2022 पासून बँकेच्या चुकीने किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने ऐवज गेल्यास भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतकीच आहे.