तालमीतला हात : कोल्हापूरच्या मालिशचा न लिहिलेला इतिहास

कोल्हापुरात कुस्तीचा इतिहास सांगायला नवा माणूस लागत नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, ही हकिकत इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, त्यांच्यामागून आलेले गणपतराव आंदळकर ही नावे घरोघरी आहेत. मात्र मैदानातून उतरलेल्या त्या मल्लांची अंगे कोणाच्या हातांनी रगडली, लचकलेला खांदा कोणी मोकळा केला, हे शोधू गेले की कागद मुका होतो. कुस्ती लिहिली गेली, मालिश हातातच राहिली.

तिची पाळेमुळे मात्र जुनी आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रंथ. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा चालुक्यांचे मांडलिक होते, म्हणजे हा ग्रंथ आपल्या अंगणातलाच. त्यातल्या मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांच्या सरावाचे प्रकार दिले आहेत: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम आणि स्तंभश्रम. यातला भारश्रम म्हणजे वजन उचलण्याचा सराव. जिमखान्यातला बारबेल यायच्या कितीतरी आधी ओझे उचलणारे शरीर इथे ठाऊक होते, आणि असे शरीर दुखावतेच. मोढेराचे ज्येष्ठीमल्ल आणि त्यांचे म्हैसूरकडचे जेठी यांच्यात मल्लविद्येबरोबर निखळलेले सांधे बसवण्याची विद्याही चालत आली, ती याच गरजेतून.

तालमीत मालिश म्हणजे उपचार नव्हे, ती मेहनतीचाच एक भाग असते. जोर, बैठका, मुद्गल, मग मातीतली लढत आणि शेवटी रगडणे. जोडीदार आळीपाळीने एकमेकांचे अंग चोळतात; धाकटा थोरल्याचे आधी. तळव्याने लांब चोळ, अंगठ्याने गाठ धरून दाबणे, मांडीसारख्या जाड स्नायूवर कोपर, पाठीवर पायाने तुडवणे. कुठे 'उसण भरली', कुठे 'नस चढली', हे हाताला कळावे लागते. रोज त्याच शरीरावर फिरणाऱ्या हाताला कालच्यापेक्षा आज काय कडक लागते आहे ते लगेच समजते. इजा होण्याआधीच ती ओळखायची हीच सोय होती.

युरोपात हीच कामे कागदावर आली. १८१३ मध्ये स्टॉकहोमला पेर हेन्रिक लिंगने व्यायामसंस्था काढली. पुढे अॅमस्टरडॅमच्या मेझगरने चोळणे, मळणे, थापटणे यांना फ्रेंच नावे देऊन पद्धत बसवली. लंडनच्या जेम्स सिरिअॅक्सने विसाव्या शतकात दुखऱ्या तंतूंवर आडवे, खोल घर्षण द्यायची रीत मांडली. आपल्याकडे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' काढून व्यायामविद्या मराठीत आणली, हे त्यांचे उपकार. तरीही कोल्हापूरच्या तालमीतले हात त्यांच्या वस्तादांबरोबरच गेले.

पण जुने ते सारे सोने, असे म्हणून मोकळे होता येत नाही. दोन दुखापती समोर ठेवतो.

पहिली खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. १९५६ च्या मेलबर्नला मात्र ते जाऊ शकले नाहीत. गुडघ्याने साथ सोडली. प्रवासासाठी घर गहाण टाकणारा माणूस मिळाला, गुडघ्यासाठी मिळण्याजोगे त्या काळी फारसे काही नव्हते.

दुसरी दुखापत अलीकडची. याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडने २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी असे तीन कांस्यपदकविजेते भारोत्तोलक दिले. त्यानंतर ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमला शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचलून त्याची बेरीज २४८ झाली. पुढे १३९ किलो उचलताना उजवा कोपर दुखावला, आणि सुवर्ण एका किलोने हुकले. पदक घ्यायला तो हात झोळीत घालून उभा राहिला. पुढच्या उपचारासाठी केंद्र सरकारने सुमारे ३० लाख रुपये मंजूर केले.

असा कोपर रगडून बरा होत नाही. तुटलेला तंतू अंगठ्याला जुळवता येत नाही. मांडीत रक्त साकळले असताना ताज्या सुजेवर जोर केला, तर स्नायूत हाडासारखी गाठ धरायचा धोका असतो. सुश्रुतानेही नव्या ज्वरात आणि अजीर्णात अभ्यंग वर्ज्य सांगितला. म्हणजे केव्हा चोळायचे नाही हाही शास्त्राचा भाग होता.

मग मालिशने साधते काय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ मध्ये ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाची मालिश केली. मालिश केलेल्या स्नायूत दाहाच्या खुणा कमी आढळल्या. लॅक्टिक आम्ल 'निघून जाते' हा समज मात्र खरा ठरला नाही. २०२० मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा झाला. त्यातही ताकद वाढल्याचे दिसले नाही. ठणका थोडा कमी होतो आणि अंग थोडे मोकळे होते, इतकेच. जुनाट दुखऱ्या स्नायुबंधाला बरे करते ते वजनच: १९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसनने टाचेच्या दुखऱ्या शिरेवर १२ आठवडे हळूहळू वाढता भार देऊन १५ खेळाडूंना पुन्हा धावते केले.

इथे जुनी तालीम पुन्हा आठवते. दुखावलेल्या पोराला चांगला वस्ताद घरी धाडत नसे, आणि जोडीतही उतरवत नसे. पाय गेला तर हाताची मेहनत, खांदा गेला तर बैठका. दुखरा अवयव थोडा थोडा कामाला लावायचा. मालिश त्या वाटेवरची सोबत होती. आज जिममध्ये पोरे पैसे मोजून रगडून घेतात आणि दुसऱ्याच दिवशी तेवढेच वजन उचलतात. हात उरला, त्यामागचा सबुरीचा हिशेब सुटला.

तो हिशेब ठेवणारे काही वस्ताद अजून हयात आहेत. कुठे दाबायचे हे त्यांना विचारावेच; पण कोणाला हात लावायला त्यांनी नकार दिला आणि का, हे आधी लिहून घ्यावे. या विद्येचा इतिहास तिथून सुरू होईल.