आळसाचा आरोप आणि वीटभट्टीची उचल

आवणीला माणूस मिळेनासे झाले की आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : सरकारने फुकटचे धान्य देऊन आदिवासींना आळशी करून ठेवले. त्यासाठी संत पौलाचाही दाखला दिला जातो; परंतु पौलाने खडसावले ते काम करण्याची इच्छाच नसलेल्यांना. कर्जत-खालापूरच्या कातकरी समाजापुरता तरी हा आरोप इतिहासाच्या कसोटीला लावून पाहावा, असे आम्हांस वाटते.

कात करणारा तो कातकरी. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणे हे या लोकांचे मूळचे कसब. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि ते कसब हातचे गेले. बहुतेकांच्या नावावर जमीन नव्हतीच. उरली दुसऱ्याच्या शेतातील मजुरी, आणि भाताची कापणी-झोडणी आटोपली की तीही संपते. मग कुटुंबेच्या कुटुंबे पोरेबाळे, भांडीकुंडी घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघतात. पहाटेच्या अंधारात चिखल तुडवणाऱ्या माणसाला आळशी म्हणताना आपली जीभ कशी अडखळत नाही?

याच कर्जत तालुक्यात भिवपुरीचे टाटांचे वीजकेंद्र 1922 मध्ये सुरू झाले. त्यातून सुटणारे पाणी राजनाल्याने ज्या गावांना पोहोचते, तेथे भाताचे दुसरे पीक निघते आणि माघ-फाल्गुनातही मजुराला हाक येते. नाल्यापासून दूरच्या वाडीवर ती येत नाही. माणसे दोन्हीकडची सारखीच.

सरकारी मदतीमागचा संशयही जुनाच आहे. 1877 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत खाली आणले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून निषेध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने, धडधाकट माणसाने मदत घ्यावी ती काम करूनच, हे तत्त्व रूढ केले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1972 मध्ये आलेल्या रोजगार हमी योजनेने त्या तत्त्वाची दिशाच फिरवली : काम ही गरिबाची परीक्षा न राहता त्याचा हक्क ठरला. त्या दुष्काळात, मे 1973 मध्ये, राज्यातील सरकारी कामांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती. वैशाखाच्या उन्हात खडी फोडायला एवढे आळशी कोठून जमले, हे टीकाकारांनीच सांगावे!

योजनेचा कायदा 1977 चा. तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी केल्यावर 15 दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. प्रत्यक्षात तो भत्ता क्वचितच कोणाच्या हाती पडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या श्रमविषयक परिपत्रात बेकारांना निर्वाहापुरते साहाय्य देणे हे कर्तव्य मानले आणि त्याचा संबंध माणसाच्या जगण्याच्या हक्काशी जोडला.

मग हमीचे काम सोडून कातकरी भट्टीवर का जातो? आमच्या मते सारे इंगित येथेच आहे. हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर मिळते, आणि तीही अनेकदा रखडते. भट्टीवाला मात्र ऐन पावसाळ्यात, घरातले धान्य संपलेले असताना, उचल हातात ठेवतो. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली खरी, पण उचलीचा हिशेब भट्टीवाल्याच्या वहीत असतो आणि हंगामाअखेरीस पुष्कळांकडे बाकीच निघते. सावकाराकडे जाण्याची ही पाळी टळावी म्हणून राज्याने 1978 मध्ये खावटी कर्ज सुरू केले. 2020 मध्ये त्याचे अनुदान झाले : कुटुंबामागे 4,000 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. भट्टीवरची उचल याहून कितीतरी मोठी असते. ती घेतलेले कुटुंब दिवाळीनंतर वाडीवर दिसत नाही, आणि त्याच्याबरोबर शाळेच्या पटावरील मुलेही.