किती पाडले, किती उरले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघर चौरंगावर जुनी नाणी मांडली जातात. वर्षभर डबीत पडून असलेल्या त्या चांदीला तेवढाच एक दिवस उजेड दिसतो. पुण्यामुंबईकडे त्यांत राणीछाप रुपया असायचा. हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावासारख्या, एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या गावी त्याच्या शेजारी चारमिनारची छाप असलेला हाली रुपयाही निघण्याचा संभव असतो. आपल्या घरी असे किती रुपये आहेत, हे घरच्या कर्त्या बाईला बिनचूक ठाऊक असते. पण साऱ्या मुलखात ते किती उरले असतील, असे कोणी विचारले तर? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. प्रत्यक्षात मात्र त्याच्या उत्तरावर जगात मोठमोठे सौदे होतात, आणि इतिहासाचेही त्यात बरेच काही अडकलेले असते.

टांकसाळीच्या दप्तरात पाहिले की उत्तर मिळेल, असे प्रथम वाटते. तसे होत नाही. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या माळेत हत्ती होता. पण त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. गहजब झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून तयार होते. त्यांतले जेमतेम सात लाख लोकांच्या हाती गेले होते, बाकीचे सरकारने आटवून टाकले. पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. दप्तरात ९४ लाखांचा आकडा असला, तरी तो जन्माचा आकडा आहे, हयातीचा नव्हे.

चांदीच्या नाण्याला मरण येते ते असे, मुशीत. आणि ही मूस कुठे पेटेल याचा नेम नसतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा असा दुष्काळ पडला की नोटा घेऊन रुपये मागणाऱ्यांना द्यायला सरकारजवळ रुपये पुरेनात. तेव्हा १९१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि त्याअन्वये आपल्या तिजोरीतले २७ कोटी चांदीचे डॉलर आटवले. त्यांतल्या सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानासाठी. म्हणजे आपल्या आजीच्या गाठोड्यातल्या एखाद्या रुपयात अमेरिकेचा डॉलर विरघळलेला असणे अशक्य नाही. मात्र आटवलेल्या डॉलरांत कोणत्या सालचे किती गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही. तेव्हापासून अमेरिकेतले नाणेसंग्राहक एकच हिशेब मांडत बसले आहेत: उरले किती?

या हिशेबासाठी तिकडे पुढे एक नवाच धंदा उभा राहिला. नाणे पेढीकडे पाठवायचे. तिथले जाणकार ते अस्सल आहे की नाही ते पाहतात, झीज तपासून १ ते ७० पर्यंत गुण देतात आणि पारदर्शक डबीत सीलबंद करून परत करतात. पीसीजीएस ही पेढी १९८६ साली निघाली, एनजीसी त्याच्या पुढच्या वर्षी. १९९१ पासून पीएसए नावाची पेढी हेच काम बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या चित्रपत्त्यांसाठी करू लागली. तिथे गुण दहापैकी. आपल्याकडे काडेपेट्यांवरची चित्रे मुलांनी जमवली, तशी तिकडे सिगारेटच्या पाकिटांत मिळणारी ही चित्रे. कोणत्या पत्त्याच्या किती प्रती तपासून गेल्या आणि कोणाला किती गुण मिळाले, याची खानेसुमारी या पेढ्या प्रसिद्ध करतात, आणि गिऱ्हाईक तिच्याकडे पाहून किंमत ठरवते. १९०९ ते १९११ च्या सुमारास निघालेल्या संचातला होनस वॅगनर या खेळाडूचा पत्ता प्रसिद्ध आहे. आपल्या चित्राला त्याने हरकत घेतली म्हणून छपाई थांबली, असे सांगतात. पन्नास-साठ प्रतीच काय त्या ज्ञात आहेत. २०२२ साली त्यांतली एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली.

आता ही खानेसुमारी कितपत खरी, ते पाहू. एखाद्याला सात गुण मिळाले. त्याला वाटते, आठ मिळायला हवे होते. तो डबी फोडतो आणि नाणे किंवा पत्ता पुन्हा पाठवतो. जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर वहीत एकाचे दोन होतात. दुसऱ्या पेढीकडे पाठवला तर दोन्ही वह्यांत त्याचे नाव. दत्तक गेलेला मुलगा जन्मघरीही मोजावा आणि दत्तकघरीही, तसा हा प्रकार. उलट, स्वस्त वस्तू तपासायला कोणी पाठवतच नाही, कारण तपासणीची फी वस्तूपेक्षा जास्त. त्यामुळे घरोघर असलेली गोष्ट वहीत दुर्मिळ दिसते, आणि खरोखर दुर्मिळ असलेली, पुन्हा पुन्हा पाठवली गेल्याने, थोडी मुबलक. गुणांचेही तसेच. पीएसएने अगदी पहिला तपासला तो वॅगनरचाच पत्ता. त्याला आठ गुण मिळाले, तो जगभर गाजला. २०१३ साली तो विकणाऱ्या व्यापाऱ्याने कबुली दिली की त्याच्या कडा आपण कातरल्या होत्या.

ज्ञात आणि हयात यांत किती अंतर असते, ते न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १९०३ साली पाडलेल्या डॉलराने दाखवले. न वापरलेला कोरा डॉलर कोणाकडे असला तर त्याचे भाग्य थोर, असे संग्राहक मानीत. १९६२ साली सरकारी तिजोरीतल्या पिशव्या उघडल्या, तो त्याच डॉलरांच्या राशी बाहेर पडल्या. भाव एका हंगामात कोसळला. मेलेला म्हणून ज्याचे सुतक धरले, तो आतल्या खोलीत झोपलेला होता!

म्हणून जाणत्यांनी दुसरी वाट धरली. ते नुसते डोके मोजत नाहीत, प्रत्येक प्रतीची ओळख ठेवतात: हिचा उजवा कोपरा दुमडलेला, हिच्या पाठीवर डाग, ही अमक्या साली अमक्या लिलावात होती. एकच वस्तू दोन नावांनी आली तर ती लगेच पकडली जाते. आपल्याला हे नवीन नाही. आपले कुलवृत्तांत दुसरे काय करतात? घराण्यात माणसे किती, एवढ्यावर ते थांबत नाहीत. कोण, कुणाचा, कुठून कुठे गेला, हे लिहितात.

आता आपल्या हाली रुपयाकडे वळू. चारमिनारच्या कमानीत एक अक्षर असते. महबूब अलींच्या वेळी ‘मीम’, १९११ पासून उस्मान अलींचे ‘ऐन’. वजन ११.१८ ग्रॅम, त्यात हजारी ८१८ भाग चांदी. इंग्रजी कलदार ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, असा व्यवहार असे. हिशेब करून पाहा: सात हालींतली चांदी आणि सहा कलदारांतली चांदी, दोन्ही चौसष्ट ग्रॅमच्या आसपास येतात. हा दर कुणा शेठजीच्या लहरीवर नव्हता, धातूवर होता. निजामाचे राज्य १९४८ साली संपले आणि पुढच्या दशकात हालीचा चलनातला कारभारही आटोपला. परभणी जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आला, त्यातून १९९९ साली हिंगोली जिल्हा निघाला. पण हाली गेला कुठे? सराफाच्या मुशीत. वाळे, तोडे, जोडवी झाली. मुलीच्या लग्नात आणि दुष्काळाच्या सालात तो कामी आला. त्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. पोट आधी, इतिहास मागाहून.

त्याहून जुन्या नाण्यांची दशा याच वाटेने झाली. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची यादी आहे, नाण्यांच्या जातवार आणि आकड्यांसह. आज महाराजांच्या नावाचा अस्सल सोन्याचा होन पाहायला मिळणे हा योग आहे; नकली मात्र हवे तेवढे. तांब्याची शिवराई पुष्कळ उरली, तरी तीही मोडीच्या भावाने तराजूत गेलीच. नांगराच्या फाळाला गाडगे लागले तर दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. वर्दी न देता ते आटवले की सोने तेवढेच राहते. पण त्या गावी कोणत्या राजाचे नाणे चालत होते, हे सांगणारा साक्षीदार मात्र गेला.

म्हणून वाचकहो, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चिंच आणि राख लावून नाणे लख्ख करू नका. घासलेल्या नाण्याला, किंवा माळेसाठी नाके डकवलेल्या नाण्याला, त्या पेढ्या साधा गुणसुद्धा देत नाहीत, कारण वरचा थर गेला की पुष्कळशी ओळखच गेली. आणि घरात जी नाणी असतील त्यांचे साल, छाप, वजन आणि ती कुणाकडून आली, एवढे एका वहीत लिहून ठेवा. परदेशातल्या वह्यांत हालीचा एखादा प्रकार दोन-चारच दिसला, तर तेवढेच उरले असे समजायचे कारण नाही. पुसेगावच्या पेटीतला रुपया तिथे कुणी मोजलेलाच नसतो. पण पेटीतला रुपया उद्या मुशीत गेला आणि वहीही नसली, तर तो होता हे सांगायला कुणीच उरत नाही.