भिंत त्याची, भुई तिची

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, की घराला चुना लावण्यात इतिहास तो काय असणार? मागच्या व्याख्यानात आपण वाड्यांबद्दल बोललो. गवंडी, सुतार, पाथरवट, चुन्याच्या घाण्या, सगळं झालं. पण घर बांधलं म्हणजे संपलं असं नसतं. मातीचं घर तर दरवर्षी पुन्हा करावं लागतं. हे ‘पुन्हा करणं’ नवऱ्यानं किती केलं, बायकोनं किती केलं, आणि त्यातलं पुढं कुणाच्या नावावर राहिलं, हे आज बघायचंय.

आधी साधनांची अडचण सांगतो. चुना विकत यायचा, म्हणून तो जमाखर्चाच्या वहीत येतो. गवंड्याची मजुरी येते. शेण घरचं, पाणी घरचं, हात घरचे, म्हणून सारवण वहीत येत नाही. त्यामुळे कागदावर विसंबून हा इतिहास लिहायला बसलो तर आपल्याला फक्त भिंत दिसेल, भुई दिसणारच नाही. आम्ही म्हणून कागदाबरोबर कामाची रीत बघतो. रीत टिकते. आजही कितीतरी घरांत ती बघायला मिळते.

कोकणापासून सुरुवात करू. पावसाळ्यात अंगणाची पार दैना होते. शेवाळ धरतं, गवत उगवतं, माती वाहून जाते. पाऊस सरला, भात कापायला आलं, की खळं करायची घाई सुरू होते. भात तिथंच झोडायचं असतं, आणि पुढं तुळशीचं लग्नही तिथंच. नवरा कुदळीनं अंगण उकरतो, ढेकळं फोडतो, नवी माती आणून पसरतो, पाणी मारून ती मुरू देतो. मग चोपणं घ्यायचं. जाड लाकडाचं, मुठीचं, चांगलं वजनदार. उकिडवं बसून माती चोपत पुढं सरकायचं. हे काम दोघं करतात, घरात पोरं असली तर पोरंही. यात एक गोम आहे. माती जास्त ओली असेल तर ती चोपण्याला चिकटून वर येते, आणि जास्त सुकली तर नंतर भेगा पडतात. मधली वेळ नेमकी साधावी लागते. मग ती शेण कालवून सारवायला बसते. पंज्याचे अर्धगोल उमटवत, मागं मागं सरत, शेवटी कडेला येऊन उठते. सारवणाला काळा रंग यावा म्हणून जुने टॉर्चचे सेल फोडून आतली काळी पूड शेणात मिसळायची पद्धत होती. आमच्या श्रोत्यांपैकी कोकण-गोव्याकडच्या मंडळींना ती आठवत असेल. कंपनीनं फेकून द्यायला बनवलेली वस्तू बायकांनी रंगद्रव्य म्हणून वापरली. याचा शोध कुणी लावला हे कुठंच नोंदलेलं नाही.

आता भिंत. ‘भिंत पुरुषाची, भुई बाईची’ असं सरसकट म्हणायची सवय आहे. आजच्या व्याख्यानाचं नावही आम्ही तेच ठेवलंय, पण ते अर्धंच खरं आहे. देशावरच्या मातीच्या घरात भिंतीलाही पोतेरा बाईच द्यायची, पांढऱ्या मातीचा नाहीतर शेणमातीचा. कोकणात कारवीचा कूड पुरुषानं उभा केला तरी त्याला आतून-बाहेरून लिंपायचं काम बहुतेक बाईकडंच. म्हणजे माती आणि शेण असेल तिथं बाई, मग ती भुई असो की भिंत. चुना आला तिथं पुरुष आला.

असं का झालं असावं? आमचा अंदाज असा, की चुना बाजारातून यायचा, आणि बाजार पुरुषाकडं होता. शिवाय शिडी. नऊवारी नेसून शिडीवर चढणं अवघड नव्हतं, बायका शेतात त्याहून अवघड कामं करतच होत्या. पण दाराशी, रस्त्यावरच्या लोकांसमोर शिडीवर उभं राहणं बरं दिसत नव्हतं. आणि चुना जाळतो हेही खरं. चुनकळी पाण्यात टाकली की पाणी खदखदा उकळतं. त्याची वाफ, उडालेले थेंब, डोळ्यात गेलेला एखादा शिंतोडा, हे सगळं धोक्याचंच. त्या डब्याजवळून पोरांना हाकलायचं काम घरोघर चालायचं. भिंतीला लावल्यावर चुना आधी नुसता पाण्यासारखा दिसतो. सुकत जाईल तसा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडीसारखा होतो आणि पांढरा उमटतो. पांढरेपणात पिवळट झाक राहू नये म्हणून नीळ टाकायची, आणि हाताला-कपड्याला सुटू नये म्हणून डिंक. पुढं डिंकाच्या जागी फेविकॉल आला. कालवणं, गाळणं, नीळ किती घालायची ते ठरवणं, डबा भरून वर देणं, सांडलेलं लगेच पुसणं, कारण सुकलेला चुना निघत नाही, ही कामं खाली उभी असलेली करायची. ‘मी घराला चुना लावला’ असं सांगताना त्याच्या डोळ्यासमोर मात्र शिडी असायची.

आणखी एक. खालचा पट्टा. भिंतीच्या तळाशी हात-दोन हात उंचीचा गेरूचा, कावेचा किंवा निळा पट्टा असतो. पावसाचं पाणी उडतं, माणसं पाठ टेकतात, तेलकट डोकी टेकतात, म्हणून तो वेगळा. या पट्ट्याचं काम बसून करायचं, आणि ते बहुतेक बाईचं. म्हणजे एकाच भिंतीवर आडवी रेघ: वर उभ्यानं करायचं काम, खाली बसून करायचं.

हे सगळं आम्ही अशा घरांबद्दल बोलतोय जिथं घरची माणसं स्वतः हात चालवत होती. पेशवाईतल्या मोठ्या वाड्यांत हा प्रश्नच नव्हता. तिथं कुणबिणी होत्या, म्हणजे सरळ भाषेत गुलाम स्त्रिया. शेण काढणं, सारवणं, बांधकामावर राबणं त्यांच्या वाट्याला होतं. जुन्या वाड्यांतल्या चकचकीत भुईचं कौतुक करताना हे विसरू नये.

बरं, नवरा-बायकोनं घरकाम वाटून घेण्याची कल्पना आपल्याकडं नव्हतीच का? होती, पण बघा कुठं होती. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत विठोबा तिच्याबरोबर दळतो, केर भरतो, पाणी आणतो. बाईच्या कामाला हात लावणारा पुरुष कल्पनेत आणायचा तर तो देवच असावा लागला. आणि तोही जनीचा नवरा नव्हे.

आता 1897 कडं येऊ. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली, पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला आणि पुण्यात रँडची प्लेग समिती नेमली गेली. सोल्जर घरात शिरायचे, अगदी स्वयंपाकघरात, देवघरात. सामान बाहेर काढायचं, जंतुनाशक फवारायचं, भिंतींना चुना मारायचा. 22 जून 1897 च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. पण घराच्या इतिहासाच्या बाजूनं बघा. जे काम दिवाळीच्या आधी दोघांनी मिळून, आपल्या घरात, आपल्या मर्जीनं करायचं, ते परक्या माणसांनी हुकमानं केलं, आणि ती दोघं रस्त्यावर उभी राहून बघत होती. चुना तोच, आणि आरोग्याच्या दृष्टीनं बघितलं तर उपयोगाचाच. तरी तो बाटवल्यासारखा वाटला.

यानंतरचं मोठं वळण आमच्या मते चाळीत आहे. मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटनं 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं चाळी बांधल्या. आपण बीडीडी म्हणतो त्या. एक खोली, साधारण 160 चौरस फूट. गिरणीतला, गोदीतला, पोलिसातला माणूस त्यात कुटुंब घेऊन राहायला लागला. चाळीच्या खोलीत खाली मातीची भुई नाही, फरशी. म्हणजे सारवण संपलं. बाईचं जे वर्षाचं, सणाचं, मिरवायचं काम होतं ते गेलं, आणि त्या जागी आलं रोजचं फरशी पुसणं. त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण दुसरीकडं तिचे हात भिंतीकडं वळले.

खोलीला रंग काढायचा दिवस आठवा. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधीचा रविवार. पहाटेच सगळं सामान गॅलरीत. ट्रंका, पत्र्याचे डबे, गाद्यांची वळकटी, देवांच्या तसबिरी. खोली रिकामी झाली की केवढी मोठी दिसायची! संध्याकाळच्या आत सगळं परत आत गेलं पाहिजे, कारण रात्री झोपायचं तिथंच आहे. अशा वेळी ‘हे तुझं, हे माझं’ परवडत नाही. नवरा टेबलावर स्टूल ठेवून छताला भिडलेला, बायको खालून खरवडतीये, चिरा भरतीये, खालचा भाग रंगवतीये. शेजारणीच्या घरून चहा, कारण स्वतःचा स्टोव्ह गॅलरीत. एकाच भिंतीला, एकाच वेळी, दोघांच्या हातात ब्रश, हे चित्र आपल्याकडं सर्रास दिसायला लागलं ते इथं, असं आम्ही मानतो. एरवी प्रेमविवाहाला, शिक्षणाला आधुनिकतेचं श्रेय देतात. थोडं श्रेय जागेच्या टंचाईलाही द्यायला हवं.

रंगही बदलला होता. चुन्याच्या जागी डिस्टेंपर, खालच्या पट्ट्याला ऑइलपेंट. 1942 साली गिरगावात चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. लढाईमुळे परदेशी रंग मिळेनासे झाले होते, त्याचा त्यांना फायदा झाला. 1954 साली आर. के. लक्ष्मण यांनी कंपनीसाठी गट्टू काढला. डोळ्यावर केस आलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खोडकर पोरगा. गंमत म्हणजे त्याच 1954 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘टाइम’नं ‘स्वतःच करा’ या छंदावर मुखपृष्ठकथा केली. तिकडं 1940 मध्ये टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी रंगाचा रोलर बनवला होता, 1948 मध्ये ग्लिडननं पाण्यात मिसळणारा लेटेक्स रंग बाजारात आणला. वास कमी, ब्रश नळाखाली धुतला की झालं. घरं स्वतःची होत होती, मजूर महाग होता, म्हणून शनिवार-रविवारी नवरा-बायको रोलर घेऊन उभे राहिले. आपल्याकडं मजूर स्वस्त, म्हणून चार पैसे हातात आले की पहिल्यांदा पेंटर आला. अमेरिकेत गेलेल्या मराठी जोडप्यांना हा फरक पहिलं घर घेतल्यावर कळतो. पुण्यात ज्यानं कधी भिंतीला बोट लावलं नाही तो तिकडं गुडघ्यावर बसून कडेला चिकटपट्टी लावत असतो.

शेवटचा भाग वारल्यांचा. तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. डहाणू-तलासरीकडं वारली घरात लग्नाचा चौक भिंतीवर काढतात. शेण आणि गेरूनं तयार केलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानं, टोक चावून मऊ केलेल्या काडीनं. मधोमध पालघट देवी. हा चौक काढायचा अधिकार सवाशिणींचा. धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे इथं भिंतीचा मान पूर्णपणे बाईचा.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. सरकारच्या हस्तकला खात्याच्या कामावर ते होते. त्यांनी कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा मशे यांनी ते घेतले, आणि लग्नाच्या चौकापुरतं न राहता शेती, मासेमारी, नाच, रोजचं जगणं काढायला सुरुवात केली. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. त्यांचा हात असामान्य होता, यात वाद नाही, आणि त्यांच्यावर आम्हाला ठपका ठेवायचा नाही. पण काय झालं ते बघा. पुरुषानं काडी उचलली ती भिंतीसाठी नव्हे, कागदासाठी. कागद विकता येतो, कागदावर सही करता येते, तो दिल्लीला आणि परदेशात नेता येतो. भिंतीवरचा चौक लग्न झालं की धुराने काळा पडतो, पावसात पोपडे सुटतात. पुढच्या लग्नाला पुन्हा सारवून, पुन्हा काढायचा. चौक काढणाऱ्या बायका आजही आहेत, आणि कागदावर काढणाऱ्या बायकाही आहेत. तरी ‘वारली चित्रकार’ म्हटल्यावर पहिली चार नावं कोणती आठवतात, ते ज्यानं त्यानं मनात मोजावं.

म्हणजे प्रश्न नुसता काम वाटून घेण्याचा नाही. चाळीत काम वाटलं गेलं, पण खोलीची भाडेपावती नवऱ्याच्या नावावर होती. गावात घराच्या दारावर ऑइलपेंटनं घरनंबर आणि नाव लिहिलेलं असतं, तेही बहुधा त्याचंच. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करावा. पुढं या शतकाच्या सुरुवातीला राज्यात ‘घर दोघांचे’ असं म्हणत ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावायला सुरुवात झाली. काही गावांनी ते मनापासून केलं, बऱ्याच ठिकाणी नुसता अर्ज पडून राहिला.

पुढच्या व्याख्यानात आपण चूल घेणार आहोत. तोपर्यंत ज्यांचं गावाकडं घर आहे त्यांनी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढून बघा. त्यात किती नावं आहेत आणि कुणाची, ते आम्हाला कळवा.