रोख्यामागे जाणे : अहमदनगर जिल्ह्यातील ऋण आणि आत्महत्येचा प्रश्न

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि थोड्याच दिवसांत तो अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. सावकारांच्या जिवाला दंगेखोरांनी सहसा हात लावला नाही. त्यांना हवे होते ते कर्जरोखे व हुकूमनामे, आणि ते हाती पडताच त्यांची होळी होई. एकंदर ९५१ लोकांस अटक झाली व ५०१ जणांस शिक्षा झाली. हा वृत्तान्त अभ्यासकांस परिचित आहे. येथे तो आठवावयाचा तो वेगळ्या कारणासाठी. आज याच प्रदेशातील शेतकऱ्याच्या आत्महत्येची चर्चा निघाली की ती ‘कर्ज’ या एका शब्दापाशी येऊन थांबते. वस्तुतः या जिल्ह्याचा जुना अनुभव तेथे न थांबण्याचाच आहे.

कर्ज १८७५ पूर्वीही होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, शेतसाऱ्याची आकारणी वाढली, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. कोर्टापुढे येई तो हा शेवटचा रोखा. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशांवर एक नवे बंधन घातले: रोख्यावरील आकडा अखेरचा न मानता व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा. हा कायदा पुष्कळ अंशी फसला. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. तथापि त्यातील तत्त्व मोलाचे होते.

आजची चौकशी नेमकी उलट दिशेने जाते. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबास १ लाख रुपयांचे साहाय्य देताना जमीन नावावर होती काय, कर्ज अधिकृत होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. सातबाऱ्यावर नाव नसलेली कष्टकरी स्त्री किंवा वाट्याने जमीन करणारा यांची येथे अडचण होते, हे उघड आहे. मदतीला कसोटी लागते हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, मदतीसाठी तयार झालेला कागद कारणमीमांसेचा पुरावा म्हणून वापरणे ही आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांची जुनी खोड आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद असून त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, आहेत. राज्यातील शेतकरी व शेतमजूर यांची संख्या ४,२४८. याचा अर्थ पाचांपैकी चारांहून अधिक मृत्यू शेतीक्षेत्राबाहेरचे आहेत. देशभरातील कारणांत कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, आणि दिवाळखोरी वा कर्ज ४.१ टक्के. अर्थात या टक्केवारीवरही फार विसंबू नये. आजार, दारू, नापिकी, अबोला आणि तगादा एकाच घरात एकत्र नांदत असता नोंद मात्र एकाच रकान्यात होते.

नोंद बिघडण्यास कायदाही कारणीभूत होता. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध होता. मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वैध ठरविले. पोलिसांच्या भीतीने घरची माणसे प्रयत्नाला अपघात म्हणत. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत जुने सरसकट कलम उरले नाही. अपराध्याचा रुग्ण होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आत्महत्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानल्याने काय साधते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. श्रीलंकेने १९९५ च्या सुमारास अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. शेतकऱ्यांचे दारिद्र्य त्या दहा वर्षांत नाहीसे झाले नव्हते. क्षणिक आवेग आणि मृत्यू यांच्यातील अंतर तेवढे वाढले होते. दुसरे उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील पाहणीचे. तीत चेन्नई हे एक केंद्र होते. प्रयत्नानंतर वाचलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी त्याखेरीज एकदा सविस्तर बोलणे झाले आणि १८ महिन्यांपर्यंत ठराविक दिवशी विचारपूस होत राहिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात २.२ टक्के व्यक्ती पुढे आत्महत्येने दगावल्या, दुसऱ्या गटात ०.२ टक्के.

भारताने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणात आत्महत्यांचे प्रमाण २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर त्याच वर्षापासून विनामूल्य समुपदेशन मिळते. परंतु विष घेतलेला माणूस वाचून घरी परत जातो, तेव्हा त्याची पुढील विचारपूस तालुक्याच्या गावीच व्हावयास हवी. पारनेर किंवा कर्जत येथे त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागणार नाही. एक नोंदवही, आणि ठरल्या दिवशी त्या घरी जाणारा माणूस लागेल.